कॅम्परसाठी पिकअप तयार करताना: आधी काटा, मग पाना

अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली, हॉटेलांचा आणि तंबूचा कंटाळा आला, यूटा-कोलोरॅडोच्या कच्च्या रस्त्यांची चटक लागली, की बऱ्याच जणांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. मोठा पिकअप घ्यायचा, त्याच्या हौद्यात कॅम्पर बसवायचा आणि डांबर संपतं तिथून पुढे जायचं. कल्पना झकास आहे. पण ‘फोर्डची एफ-२५० आहे म्हटल्यावर काहीही उचलेल’ या समजुतीवर लोक कॅम्पर बुक करतात आणि मग मागून बसलेली गाडी वर उचलायला एकामागून एक पार्ट मागवत बसतात. हा लेख त्या आधीच्या पायरीवर असलेल्यांसाठी आहे.

इथे मी ‘स्लाइड-इन’ प्रकाराबद्दलच बोलतोय, म्हणजे हौद्यात सरकवून बसवायचा आणि हवा तेव्हा चार जॅकवर उचलून काढून ठेवायचा कॅम्पर. त्यात दोन जाती. छप्पर वर उचललं जाणारे पॉप-अप हलके आणि बुटके असतात, त्यामुळे कच्च्या रस्त्याला बरे. पक्क्या भिंतींचे हार्ड-साइड थंडीत उबदार, आत संडास-बाथरूमसकट, पण सगळं सामान आणि पाणी भरलं की मोठे मॉडेल चार हजार पौंडांच्या वर सहज जातात. हौदा काढून टाकून सपाट ट्रे बसवायचा आणि त्यावर कॅम्पर ठेवायचा हा तिसरा मार्गही आहे. तो सुंदर आहे, महाग आहे आणि पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्याने तिकडे वळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी १: दाराच्या चौकटीवरची स्टिकरं वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर दोन स्टिकरं दिसतील. पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर ‘प्रवासी आणि सामान यांचं एकूण वजन इतक्या पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये’ अशा अर्थाचं वाक्य असतं. तो तुमचा पेलोड. हा आकडा त्याच गाडीचा असतो, त्याच ऑप्शनांसकट कारखान्यातून निघालेल्या. ब्रोशरमधला ‘कमाल पेलोड’ हा सहसा सर्वांत साध्या, टू-व्हील ड्राइव्ह, सिंगल कॅब गाडीचा असतो, तेव्हा तो विसरून जा. दहा हजार पौंडांपेक्षा जास्त रेटिंगच्या गाड्यांना हे पिवळं स्टिकर लावणं बंधनकारक नाही. तिथे दुसऱ्या स्टिकरवरून हिशोब करावा लागतो.

त्या दुसऱ्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं आणि पुढच्या-मागच्या एक्सलचे जीएडब्ल्यूआर, म्हणजे त्या त्या एक्सलवर चालणारं कमाल वजन, वेगवेगळे दिलेले असतात. कॅम्परवाल्याने मागच्या एक्सलचा आकडा पाठ करावा. कॅम्परचं जवळजवळ सगळं ओझं तिथेच येतं.

आणि ग्लव्ह बॉक्समधल्या कागदांत ‘ट्रक कॅम्पर लोडिंग’ची माहिती शोधा. कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल याची आकृती त्यात असते. गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. मागे गेला, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. बऱ्याच कॅम्परच्या कुशीवर या बिंदूची खूण केलेली असते. टेप घेऊन हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून मोजा आणि आकृतीशी ताडून पहा.

पायरी २: कागदावर बेरीज

ब्रोशरमधलं कॅम्परचं ‘ड्राय वेट’ म्हणजे कोरडं वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही आणि बहुतेक वेळा एसी, छत्री, जादा बॅटरी, सोलर हे ऑप्शनही नाहीत. एक काल्पनिक पण अगदी नेहमीची बेरीज करून दाखवतो. समजा, गाडीचा पेलोड ३,४०० पौंड आहे.

पॉप-अप कॅम्पर, कोरडा: १,६००
त्यावरचे ऑप्शन: ३००
पाणी ३० गॅलन, गॅलनला ८.३ पौंड धरून: २५०
२० पौंडी प्रोपेनचे दोन भरलेले सिलेंडर: ७५
आईवडील आणि दोन मुलं: ४८०
कपडे, खाणं, भांडी, खुर्च्या, हत्यारं: ४००
टाय-डाउन (कॅम्पर गाडीला बांधायचं सामान), रबर मॅट, एअरबॅग (मागच्या सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) वगैरे: १५०
पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र): २५०

बेरीज ३,५०५. हलका म्हणवला जाणारा पॉप-अप घेऊनही आपण शंभर पौंड वर गेलो. यात कुकर, तांदळाची पिशवी आणि सासूबाईंनी दिलेली फराळाची पिंपं धरलेली नाहीत. भरलेली इंधनाची टाकी कारखान्याच्या हिशोबात आधीच धरलेली असते, तेवढाच काय तो दिलासा.

आता याच बेरजेशेजारी डिझेल पाऊणटनी गाडी, म्हणजे एफ-२५० किंवा रॅम २५०० च्या वर्गातली, ठेवा. डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने बरंच जड असतं आणि ते वजन थेट पेलोडमधून कापलं जातं. कमिन्स इंजिनच्या, भरपूर ऑप्शनवाल्या रॅम २५०० चा पेलोड दोन हजारांच्या आसपास निघणं ही नवलाची गोष्ट नाही. ओढायला ती गाडी बलाढ्य आहे. पाठीवर घ्यायला नाही. ओढण्याची ताकद आणि पेलण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शोरूममधला विक्रेता नेहमी पहिलीबद्दलच बोलतो.

पायरी ३: गाडी अजून घ्यायची असेल तर

तुम्ही या पायरीवर असाल तर नशीबवान आहात. एकटनी घ्या, म्हणजे फोर्डची एफ-३५०, रॅम ३५०० किंवा शेव्हरोले-जीएमसीची ३५००. फोर्डमध्ये एफ-२५० आणि मागे दोनच चाकं असलेली एफ-३५० या बऱ्याचशा सारख्याच गाड्या आहेत. किमतीत फार फरक नाही, स्टिकरवर मात्र पुष्कळ आहे. रॅममध्ये फरक आणखी खोल जातो. २०१४ पासून रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तर ३५०० ला कमानपाटे. रिकाम्या गाडीत कॉइल मऊ लागतात, पण कॅम्परसाठी पाटेच बरे. मागे चार चाकांची ‘डुअली’ ओझ्याला सर्वोत्तम, पण ती आठ फूट रुंद. अरुंद वाटेवर बाहेरची चाकं कडेला घासतात, जोडचाकांच्या मधे दगड अडकतात आणि पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत मागची चाकं बसत नाहीत. ऑफ-रोड हा शब्द मनावर घेतला असेल, तर मागे दोन चाकं ठेवा आणि कॅम्पर हलका घ्या. मोठ्या हार्ड-साइडवर मन जडलं असेल, तर डुअली घ्या आणि कच्च्या वाटांची हौस आवरा. दोन्ही एकत्र जमवायला निघालेल्यांचे हाल मी जवळून पाहिलेत.

इंजिनाबद्दल वाद घालायला मराठी माणसाला आवडतं, म्हणून एका वाक्यात सांगतो: पेलोड कमी पडत असेल तर पेट्रोल, पेलोड पुरून उरत असेल आणि रॉकीजचे लांब घाट नेहमी उतरायचे असतील, तर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक ब्रेकपॅड वाचवतो.

हौदा लांब की आखूड? आठ फुटी हौद्यात गुरुत्वमध्य सहज जागेवर बसतो, पण क्रू-कॅब, म्हणजे चार दारांच्या, एफ-३५० चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १७६ इंच होतो. पावणेसात फुटी हौद्यात तो १६० इंच. डोंगरातल्या नागमोडी वळणावर हे सोळा इंच फार जाणवतात. मी आखूड हौद्याच्या बाजूचा. फोर्डमध्ये कारखान्यातूनच ‘कॅम्पर पॅकेज’ मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. बाहेरून तेच पाटे आणि स्टॅबिलायझर बार (गाडीचं झुलणं आवरणारा दांडा) बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

भारतातले मित्र हे वाचून ‘आपल्याकडे व्ही-क्रॉस किंवा हायलक्सवर करता येईल का’ असं विचारतातच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, त्यामुळे तिथे पहिली पायरी आरटीओची. शिवाय त्या गाड्या आकाराने आणि पेलोडने लहान आहेत. या लेखातले आकडे तिकडे लावू नका.

पायरी ४: काट्यावर जा

गाडी हातात आली, की काहीही बसवण्याआधी तिचं वजन करा. हायवेवरच्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’चा पिवळा-काळा फलक दिसेल. टाकी पूर्ण भरा, घरच्यांना गाडीत बसवा आणि काट्यावर चढा. काट्याला वेगवेगळे पाट असतात. पुढची चाकं पहिल्या पाटावर आणि मागची दुसऱ्या पाटावर येतील अशी गाडी उभी करा. मागे ट्रेलर नसल्यामुळे तिसरा पाट रिकामा राहील. बोलण्याचं बटण अठराचाकी ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असतं. पिकअपमधून हात पुरत नाही, मग लोक खाली उतरून टाचा उंचावतात. त्यापेक्षा फोनवर त्यांचं अ‍ॅप घेऊन ठेवा, पावती तिथेच येते. पावतीवर स्टिअर (पुढचा) एक्सल, ड्राइव्ह (मागचा) एक्सल आणि एकूण असे आकडे छापलेले असतात.

ही पावती जपून ठेवा. कॅम्पर चढवल्यावर दुसरी आणि पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, सगळं भरून, तिसरी. या तीन कागदांवर तुमचं पुढचं सगळं काम ठरतं.

समजा, मागच्या एक्सलची मर्यादा ७,००० पौंड आहे आणि कॅम्परविना, माणसांसह, गाडी त्या एक्सलवर ३,३०० भरली. म्हणजे मागे ३,७०० ची जागा आहे. एकूण मर्यादेत जागा उरली आणि मागच्या एक्सलवर संपली, असं होऊ शकतं आणि होतंही. अशा वेळी सामान मागच्या दाराजवळून उचलून पुढे कॅबमध्ये आणलं, तरी काटा बोलतो.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. एअरबॅग, जादा पाटे, मोठे शॉक्स, यातल्या कशानेही जीव्हीडब्ल्यूआर वाढत नाही. कमरेचा पट्टा आवळून पोट कमी होत नाही, तसंच हे. मागून बसलेली गाडी सरळ दिसायला लागते इतकंच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी सगळं तेच राहतं.

पायरी ५: टायर आणि रिम

सस्पेन्शनच्या आधी टायर, कारण ओझ्याच्या साखळीत हाच दुवा बहुतेक वेळा सगळ्यात कच्चा असतो. टायरच्या कुशीवर लोड रेंज, म्हणजे ओझं पेलायची श्रेणी, लिहिलेली असते. आपल्याला ‘ई’ किंवा त्याहून वरची हवी. आकार मोठा म्हणजे ताकद जास्त हा गैरसमज इथे महागात पडतो. एलटी२७५/७०आर१८ मापाचा लोड रेंज ई टायर ८० पीएसआयला ३,६४० पौंड उचलतो, म्हणजे मागच्या जोडीवर ७,२८०. रुबाबदार दिसतो म्हणून लोक ज्यावर जातात, त्या एलटी२८५/७०आर१७ मापात लोड रेंज ई असूनही ३,१९५ चेच टायर मिळतात. जोडीचे ६,३९०. वरच्या उदाहरणातल्या ७,००० च्या एक्सलला हे पुरत नाहीत. टायर रुंद झाला आणि गाडीची ताकद सहाशे पौंडांनी खाली आली.

रिमलाही रेटिंग असतं, बहुतेकदा आतल्या बाजूला कोरलेलं. बाहेरून घेतलेल्या शोभेच्या रिमवर ते २,५०० पौंड निघालं, तर वर कोणताही टायर चढवा, जोडी पाच हजारांचीच. कारखान्याच्या रिम दिसायला साध्या असतील, पण त्या एक्सलला पुरतील अशाच दिलेल्या असतात.

३७ इंची टायरचा मोह अनेकांना होतो. गियर रेशो बिघडतो, ब्रेकवर ताण येतो, गाडी आणखी उंच होते. कॅम्परची गाडी आधीच डोकेजड आहे. लिफ्ट किटलाही हेच लागू.

पायरी ६: कॅम्पर बसवणे

आधी फाळका काढा. बहुतेक कॅम्पर फाळका काढूनच बसतात आणि तेवढं वजनही वाचतं. फाळक्यातच मागचा कॅमेरा असेल, तर वायरिंगची जोडणी सांभाळून सोडवा, तोंड झाका आणि कॅमेरा कॅम्परच्या पाठीवर हलवायची केबल घ्या. कॅबच्या माथ्यावरचा तिसरा ब्रेकलाइटही झाकला जातो, तेव्हा कॅम्परचे दिवे आणि इंडिकेटर गाडीच्या सातपिनी सॉकेटशी जोडून एकाला मागे उभं करून प्रत्येक दिवा तपासा.

हौद्यात जाड रबरी मॅट टाका. गुळगुळीत प्लॅस्टिकचं ड्रॉप-इन लायनर असेल तर काढून फेका. त्यावर कॅम्पर सरकतो. पूर्ण ओझं मॅटवर घट्ट बसलं, की पुढे-मागे सरकणं घर्षणच बरंचसं रोखतं आणि टाय-डाउनला तेवढं कमी काम उरतं.

मग उंची. कॅम्परचं नाक कॅबच्या टपावर येतं. टप आणि नाक यांच्यात दोन-तीन इंच तरी मोकळं हवं. कच्च्या रस्त्यावर चासी पिळवटते, हौदा एका बाजूला आणि कॅब दुसऱ्या बाजूला कलते, आणि सपाट पार्किंगमध्ये दिसलेलं अंतर तिथे राहत नाही. अलीकडच्या गाड्यांची कॅब उंच झाली आहे, त्यामुळे जुना कॅम्पर नव्या गाडीवर चढवताना खाली फळीचा किंवा कडक फोमचा थर घालावा लागतो. हौद्याच्या कडांवरही बोटभर मोकळीक पहा.

आता बांधणी. हौद्याच्या कोपऱ्यातल्या कारखान्याच्या कड्या या कामाच्या नाहीत. त्या मोटारसायकल किंवा खोकी बांधायला. दोन रीती मान्य आहेत. पहिली, चासीला बोल्टने बसणारे टाय-डाउन. टॉर्कलिफ्ट हे यातलं सगळ्यात परिचित नाव. हौद्याच्या बाहेर चार हात येतात, त्यांना स्प्रिंग असलेले टर्नबकल (फिरवून आवळायचे पेचदार दुवे) लावतात. जड हार्ड-साइडला हेच हवं. दुसरी, हलक्या पॉप-अपची. हौद्याच्या तळाला भोकं पाडून आय-बोल्ट, आणि कॅम्परच्या आतून झाकण उघडून टर्नबकल आवळायचे. इथे तळाच्या पत्र्याखाली रुंद जाड पट्टी द्यावीच लागते, नुसता वायसर नाही. २०१७ पासूनच्या सुपर ड्यूटीचा हौदा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. छोट्या वायसरवर ताण आला, की तो भोक मोठं करत वर येतो. भोक पाडण्याआधी खाली वाकून पहा: इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरींचा जुडगा कुठून गेलाय ते. ड्रिलला स्टॉपर लावा.

टर्नबकल किती आवळायचा हा हमखास प्रश्न. चारही कोपरे आळीपाळीने, थोडे थोडे. हाताने घट्ट होईपर्यंत, मग पान्याने थोडंसंच. मग लॉकनट. दांडी लावून ताकद काढू नका. कॅम्परच्या लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यातून कडीच उपटून येते. पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून पुन्हा पहा. कच्च्या रस्त्यावर रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चारही कोपऱ्यांना हात लावून यायची सवय करा.

पायरी ७: सस्पेन्शन, पण लक्षण पाहून

इथे लोक सर्वाधिक पैसे उधळतात, म्हणून जरा सावकाश. कॅम्पर चढवण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहा. भरल्यावर पुन्हा मोजा. मग तीस-चाळीस मैल हायवेवर चालवा आणि गाडी काय तक्रार करते ते ओळखा. तीन तक्रारी असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं.

मागून बसते, पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात: ही उंचीची तक्रार. एअरबॅग किंवा एखादा जादा पाटा. एअरबॅगचा फायदा असा, की डाव्या-उजव्या बाजूला वेगळी हवा भरता येते. फ्रीज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल तर गाडी सरळ करता येते. तोटा कच्च्या रस्त्यावर दिसतो. दोन्ही टोकांना बांधलेली बॅग एक्सलला पुरतं खाली लोंबू देत नाही, ताणून फाटू शकते. खालचं टोक मोकळं ठेवणारे पाळणे मिळतात, ऑफ-रोडवाल्यांनी ते लावावेत. गाडी रिकामी असली तरी बॅगेत निदान पाच पीएसआय ठेवा, नाहीतर रबर स्वतःवरच चिमटून कापलं जातं.

वळणावर किंवा बाजूने ट्रक गेला की डावी-उजवीकडे झुलते: ही हेलकाव्यांची तक्रार. एअरबॅगने ती जात नाही. इथे मागचा जाड स्टॅबिलायझर बार हवा. पाट्यांच्या गाडीत आणखी एक स्वस्त उपाय आहे. बऱ्याच एकटनी गाड्यांत मुख्य पाट्यांच्या वर ओव्हरलोड पाटा असतो, जो खूप ओझं आल्यावरच टेकतो. मधल्या फटीत ठोकळा बसवून तो आधीच टेकवला, की झुलणं बरंच कमी होतं. टॉर्कलिफ्टचे स्टेबललोड हे त्यासाठीच आहेत. कॅम्पर उतरवल्यावर ते मोकळे करता येतात, म्हणजे रिकामी गाडी हाडं खिळखिळी करत नाही.

उंचवट्यावरून गेल्यावर दोन-तीनदा उसळते: हे शॉक्सचं काम. कारखान्याचे शॉक्स रिकाम्या गाडीच्या सुखासाठी जुळवलेले असतात. कडक-मऊ करता येणारे रँचो ९००० किंवा बिलस्टीनचे बरेच लोक वापरतात. शॉक ओझं उचलत नाही, फक्त उसळी शमवतो, तेव्हा गाडी बसतेय म्हणून शॉक्स बदलणाऱ्याला दुकानदाराखेरीज कोणी धन्यवाद देणार नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा चालवून बघा. हेडलाइटचा कोन शेवटी, सगळं भरून, भिंतीसमोर उभं राहून लावा.

पायरी ८: वीज

सातपिनी सॉकेटमधून कॅम्परच्या बॅटरीला थोडा करंट येतो, पण ती वायर बारीक असते आणि इतक्या लांबीवर व्होल्टेज गळतं. लिथियम बॅटरी असेल तर त्या वाटेवर विसंबू नका. बॉनेटखालच्या बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर चासीच्या कडेने मागे आणा आणि हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात अँडरसन प्लगवर (जाड वायरींची चटकन जोडता-सोडता येणारी जोडणी) संपवा. कॅम्परमध्ये, त्याच्या बॅटरीजवळ, डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवर कॅम्परची बॅटरी नीट चार्ज करणारं यंत्र, बसवा. व्हिक्ट्रॉन आणि रेडार्क ही दोन नेहमीची नावं. तीस अँपियरच्या चार्जरला वीस-पंचवीस फुटांच्या अंतरासाठी ६ गेजची तांब्याची वायर किमान, ४ गेज घेतली तर उत्तम.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा. गाडीच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात एक, कॅम्परच्या बॅटरीपाशी दुसरा. कारण दोन्हीकडे बॅटरी आहे आणि वायर मधे कुठेही घासली तर आग दोन्ही बाजूंनी लागू शकते. फ्यूजचा आकार चार्जरच्या पुस्तिकेत दिलेला तोच. वायरीवर नळी चढवा, एक्झॉस्टपासून लांब ठेवा, दर फुटा-दीड फुटाला क्लिप.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नाही, हे कोलोरॅडोत ऑक्टोबरपासूनच लक्षात ठेवावं लागतं. आतून गरम होणारी बॅटरी घ्या किंवा बॅटरी कॅम्परच्या उबदार भागात ठेवा.

गॅसबद्दल थोडक्यात: गळती आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचे अलार्म चालू आहेत ना, त्यांची मुदत संपली नाही ना, हे पहा आणि शेगडी पेटवून झोपू नका. फोडणीचा धूर झाला की अलार्म ओरडतो म्हणून काही महाभाग तो काढून ठेवतात. खिडकी उघडा, अलार्मला हात लावू नका.

पायरी ९: कच्च्या रस्त्यावर

सगळं भरून दहा-साडेदहा हजार पौंडांची, नऊ-दहा फूट उंच गाडी आहे तुमच्याकडे. जीपवाले जातात तिथे ती जाणार नाही. पहिल्या फेऱ्या बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या रुंद, दर्जा राखलेल्या रस्त्यांवर करा. बीएलएमच्या जागेवर साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो, तेवढ्यात पुष्कळ शिकून होतं. यूटातल्या मोआबजवळची शंभर मैलांची व्हाइट रिम वाट सगळ्यांना खुणावते. त्यासाठी कॅनियनलँड्स पार्कचा परवाना लागतो, दिवसभराच्या फेरीलाही, आणि तिथल्या कड्यालगतच्या उतारांवर मोठा हार्ड-साइड घेऊन जाणं म्हणजे आ बैल मुझे मार.

हवा कमी करायची, पण जीपसारखी १८ पीएसआयवर नाही. मागे ७५-८० असेल तर पन्नासच्या आसपास, पुढे चाळीस, वेग कमी, आणि डांबरावर येताच परत भरणे. त्यासाठी दमदार कंप्रेसर हवा. खेळण्यातला पंप या टायरपुढे टेकीला येतो.

बाजूचा कल हा खरा शत्रू. चढ-उतारापेक्षा आडव्या उतारावर गाडी आडवी होते. शंका आली की उतरा, चालत जाऊन पहा, एकाला बाहेर उभं करा. झाडांच्या फांद्यांकडे त्याने पहायचं, तुम्ही चाकांकडे. विंच घ्यायचीच असेल तर भरलेल्या वजनाच्या दीडपट हा नियम धरा. साडेदहा हजारांच्या गाडीला १६,५०० पौंडांची लागते. बाजारात सरसकट दिसणारी १२,००० ची इथे अपुरी आहे आणि मोठी विंच घेतली की ते वजन पुन्हा बेरजेत. बऱ्याच जणांना विंचपेक्षा ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), फावडं आणि सोबत दुसरी गाडी हेच जास्त उपयोगी पडतं.

कॅम्परचे चार जॅक लांबच्या प्रवासात काढून घरी ठेवता येत असतील तर ठेवा. गाडी अरुंद होते, हलकी होते, दगडाला अडकायला चार पाय कमी.

निघण्याआधी दोन कागदी कामं. कॅम्पर आपोआप गाडीच्या विम्यात येतो असं धरून चालू नका. एजंटला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, गाडीत केलेले बदलही कळवा. आणि न्यू जर्सीहून व्हर्जिनियाकडे निघालेल्यांनी लक्षात ठेवा: बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत दहा पौंडांपेक्षा मोठे प्रोपेन सिलेंडर नेता येत नाहीत. आपले वीस पौंडी त्यात बसत नाहीत. पूर्वी अशा गाड्या आय-६९५ वरच्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जायच्या. मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून तो पूल पडला, त्यामुळे सध्या आय-६९५ च्या पश्चिमेकडच्या बाजूने शहराला वळसा घालायचा. फोनचा नकाशा तुम्हाला बोगद्यातच घालेल.